थेम्सकाठचे पांढरे घर आणि राखलेला कागद

लंडनला मुलाकडे काही महिने राहायला जाणाऱ्या एका भगिनींनी टॉमस गर्टिन या इंग्रज चित्रकाराच्या ‘द व्हाइट हाउस ॲट चेल्सी’ या जलरंगातील नदीच्या चित्राची छापील प्रत पाहिली आणि त्यांना ती निम्म्याहून अधिक रिकामी वाटली. वर आकाश, खाली पाणी आणि मध्ये बोटाच्या पेराएवढे घर. एवढ्या साध्या चित्राला इंग्रजी जलरंगातील श्रेष्ठ चित्र का म्हणतात, त्यात काय पाहायचे, घराचा पांढरा रंग इतका उजळ कसा लावला असेल आणि मूळ चित्र पाहायला मिळेल का, असे प्रश्न त्यांनी मला पत्रातून विचारले आहेत. मी तीसएक वर्षे जलरंगात निसर्गचित्रे करतो आणि शिकवतो, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यातच आहेत. घराचा पांढरा रंग लावलेलाच नाही. तो कोरा कागद आहे. भोवतीचे आकाश, झाडी आणि पाणी रंगवताना गर्टिनने घराच्या भिंतीएवढी आणि पाण्यातील तिच्या प्रतिबिंबाएवढी जागा तशीच सोडून दिली. आमच्या वर्गात आम्ही याला ‘पांढरा राखणे’ म्हणतो. शेतात पाखरांपासून पीक राखावे तसेच हे राखणे असते, कारण ब्रशचा एक फटकारा चुकला की पांढरा गेला, आणि पारदर्शक जलरंगात गेलेला पांढरा पूर्वीसारखा परत येत नाही. तैलरंगात चित्रकार सर्वांत उजळ रंग शेवटी, वरून ठेवतो. जलरंगात सर्वांत उजळ जागा कोणती हे पहिल्या ब्रशच्या आधी ठरवावे लागते आणि चित्र पूर्ण होईपर्यंत तिच्याभोवती जपून वावरावे लागते.

आता चित्राकडे वळू. ते १८०० सालचे असून आकाराने फक्त सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि ५१ सेंटिमीटर रुंद आहे. आज लंडनमध्ये जेथे चेल्सी ब्रिज आहे, त्याच्या आसपास उभे राहून नदीच्या वरच्या अंगाला पाहिले असता दिसणारा हा देखावा आहे. डावीकडे एक पवनचक्की, मग ते पांढरे घर, पुढे दूरवर बॅटरसीचा पूल आणि उजवीकडे चेल्सीचे जुने चर्च. तो पूल तेव्हा लाकडी होता. नावात चेल्सी असले तरी घर चेल्सीच्या बाजूला नाही. ते पलीकडच्या, बॅटरसीच्या काठावर आहे. आज ज्या भागात बॅटरसी पार्क हे उद्यान आहे, त्याच्या जवळपास ते उभे होते. तेव्हा तेथे दलदलीची, भाजीपाल्याच्या मळ्यांची सखल जमीन होती आणि लंडन शहर नदीच्या खालच्या अंगाला, चित्रकाराच्या पाठीमागे होते.

म्हणजे ज्या शहराची दृश्ये रंगवून त्या काळचे चित्रकार पोट भरत, त्या शहराकडे पाठ करून गर्टिन उभा राहिला. चर्च आहे, पूल आहे, पण ते क्षितिजावर बारीक, राखाडी खुणांसारखे ठेवलेले आहेत. चित्राचे नावही त्यातील कोणत्याही प्रसिद्ध वास्तूवरून पडले नाही. ते पडले एका अनामिक घरावरून, आणि त्या घराचे महत्त्व एवढेच की त्या क्षणी त्या नदीकाठावर सर्वांत जास्त उजेड त्याच्या भिंतीवर होता.

ही निवड किती धाडसाची होती हे कळण्यासाठी गर्टिनच्या आधीची पद्धत माहीत असावी लागते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये जलरंगाचे मुख्य काम स्थळवर्णनाचे होते. किल्ला, मठ, पूल, जमीनदाराचा वाडा यांचे रेखाटन करायचे, सावल्या करड्या रंगाच्या पातळ थरांनी द्यायच्या आणि त्या वाळल्यावर वरून हलकी रंगछटा फिरवायची. म्हणूनच अशा कामाला चित्र न म्हणता रंगवलेले रेखाटन म्हणत. हीच पद्धत अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुण्यातही आली होती. पेशवे दरबारातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्याकडे काम करणाऱ्या गंगाराम तांबट या पुण्याच्या कलावंताने वेरूळच्या लेण्यांची जी चित्रे काढली, ती याच करड्या थरांच्या शिस्तीतील आहेत. गंगाराम पुण्यात आणि गर्टिन लंडनमध्ये साधारण एकाच काळात एकाच व्याकरणाचे पाठ गिरवत होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे ही कला १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टपासूनच आली असे सरसकट सांगितले जाते, ते अपुरे आहे.

गर्टिनचा जन्म १७७५ सालचा, लंडनच्या साउथवर्क भागातला. पुढे इंग्लंडचा अतिशय प्रसिद्ध निसर्गचित्रकार ठरलेल्या टर्नरचा जन्मही त्याच वर्षीचा. एडवर्ड डेज या स्थळचित्रकाराकडे गर्टिनने उमेदवारी केली. पुढे डॉक्टर टॉमस मन्रो या कलाप्रेमी गृहस्थांच्या घरी गर्टिन आणि टर्नर हे दोघे तरुण संध्याकाळी चित्रांच्या नकला करायला जात. चित्रकार जोसेफ फॅरिंग्टन यांच्या रोजनिशीत १७९८ साली याची नोंद आहे. सहा वाजता जायचे, दहापर्यंत बसायचे, बहुतेक जॉन रॉबर्ट कझन्स या निसर्गचित्रकाराच्या चित्रांच्या नकला करायच्या. गर्टिनने बाह्यरेषा काढायच्या आणि टर्नरने त्यात रंगाचे थर द्यायचे. टर्नरला रात्रीचे साडेतीन शिलिंग मिळत. या नोंदीतील कामाची वाटणी मला नेहमी विचारात पाडते. ज्याने तीन वर्षे दुसऱ्यांच्या चित्रांच्या नुसत्या रेषा काढल्या, त्याच माणसाने पुढे रेषेला चित्रात सर्वांत कमी जागा दिली. कोणती रेषा ठेवायची आणि कोणती गाळायची हे त्याला त्या रात्रींनीच शिकवले असावे, असे मला वाटते.

करड्या पायाभूत थराची पद्धत गर्टिनने हळूहळू मागे टाकली. जेथे जो रंग दिसतो तो थेट, मोठ्या ब्रशने, मोठ्या क्षेत्रात द्यायचा, तो वाळला की त्यावर दुसरा मोठा आकार बसवायचा, आणि बारकावे मोजक्या जागी, शेवटी. ‘व्हाइट हाउस’मध्ये याची पूर्ण परिणती दिसते. आकाश आणि पाणी ही दोन विशाल क्षेत्रे जवळजवळ एकाच कुळातील फिकट, धुरकट छटांनी भरली आहेत. त्यांच्यामध्ये जमिनीची एक अरुंद, गडद पट्टी आहे. त्या पट्टीला मधेच एक खिडकी पडावी तसे घर आहे.

आपल्याला जे रिकामे वाटले, ते हेच. ते रिकामेपण का हवे, याचा पडताळा घरबसल्या घेता येतो. छापील प्रत समोर ठेवा, डोळे किलकिले करा आणि बोटाच्या टोकाने घर झाका. पाहता पाहता चित्रातील उजेड विझतो. आकाश उजळ वाटत होते ते मळकट दिसू लागते, पाणी जड होते, संध्याकाळ नुसती ढगाळ वाटू लागते. बोट काढा, सारे पूर्ववत. आकाशाच्या आणि पाण्याच्या छटा तर तसूभरही बदललेल्या नाहीत. याचा अर्थ असा की गर्टिनने आकाश कोऱ्या कागदापेक्षा थोडे खाली उतरवून ठेवले आहे, पाणी त्याहून किंचित खाली, जमीन बरीच खाली. छायाभेदाच्या या उतरंडीत सर्वांत वरची पायरी केवळ एका भिंतीसाठी मोकळी ठेवली आहे. नवशिका चित्रकार आकाशात ढगांच्या कडा पांढऱ्या ठेवतो, पाण्यावर चमक ठेवतो, होडीच्या शिडालाही पांढरे ठेवतो आणि शेवटी कशालाच तेज नसते. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षे हेच करत होतो. वाईला कृष्णेचा घाट रंगवताना देवळाचे शिखर उजळ दिसेना म्हणून मी त्यावर अपारदर्शक पांढऱ्याचे थर चढवत गेलो आणि शिखर खडूसारखे, निर्जीव होत गेले. दोष शिखराच्या पांढऱ्यात नव्हता, तर मागचे आकाश मी पुरेसे उतरवलेले नव्हते.

प्रकाशाच्या दिशेबद्दल एक गोष्ट आपण मुद्दाम पाहावी. नदीच्या त्या भागात वरच्या अंगाला तोंड करणे म्हणजे साधारण पश्चिमेकडे पाहणे. संध्याकाळची वेळ धरली तर सूर्य चित्राच्या पलीकडे मावळतो आणि घराची आपल्याकडची भिंत सावलीत असायला हवी. तरीही तीच सर्वांत उजळ आहे. काहींना ही चूक वाटते. मला तसे वाटत नाही. सूर्य बुडाल्यावर उजेड एका बाजूने न येता साऱ्या आभाळातून पसरून येतो आणि अशा वेळी चुना दिलेली भिंत सर्वांत शेवटी विझते. ज्यांनी कोकणातल्या अंगणात दिवेलागणीला चुना दिलेले वृंदावन पाहिले आहे, आजूबाजूची झाडे काळी झाली तरी ते आपल्याच उजेडात उभे असल्यासारखे दिसते हे ज्यांना आठवते, त्यांना गर्टिनने काय पाहिले ते चटकन कळेल. त्याने ती भिंत निसर्गात होती त्याहून थोडी अधिक उजळ केली असेल, आणि तेवढा अधिकार चित्रकाराला असतोच.

प्रतिबिंबाकडे तर मी विद्यार्थ्यांना घरापेक्षाही जास्त वेळ पाहायला लावतो. स्थिर पाण्यात फिकट वस्तूचे प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा किंचित गडद पडते आणि गडद वस्तूचे किंचित फिकट, कारण पाणी सगळा प्रकाश परत करत नाही आणि त्याचा स्वतःचा रंगही त्यात मिसळतो. पाण्यावर हलकी लहर असेल तर प्रतिबिंब रुंदीत वाढत नाही, पाहणाऱ्याच्या दिशेने उभे लांबते. गर्टिनच्या घराखालची फिकट उभी पट्टी या नियमाला धरून आहे. तिच्यामुळे दोन कामे होतात: पाण्याचा पृष्ठभाग आडवा, आपल्या पायापर्यंत पसरलेला वाटतो, आणि पाणी जवळजवळ थांबलेले आहे हे कळते. चेल्सीपाशी थेम्स भरती-ओहोटीची नदी आहे. समुद्राचे पाणी तिच्यात चेल्सीच्याही वर, थेट टेडिंग्टन या ठिकाणापर्यंत परिणाम करते. भरती संपून ओहोटी लागण्याआधी अशा नदीचे पाणी थोडा वेळ निश्चल होते. खाडीकाठी राहणाऱ्यांना ही वेळ ओळखीची आहे. ती स्तब्धता या चित्रात जितकी नेमकी उतरली आहे तितकी मी इतरत्र क्वचितच पाहिली.

आता कागद आणि रंग. गर्टिनला गुळगुळीत, शुभ्र कागद फारसा प्रिय नव्हता. त्याला जाडाभरडा, किंचित मळकट, तारांच्या पुसट खुणा असलेला कार्ट्रिज कागद आवडे. हा कागद चेरिंग क्रॉस येथील एका विक्रेत्याकडे दुमडलेल्या तावांच्या रूपात मिळे आणि घडीच्या रेषेवर रंग जास्त शोषला जाऊन कधी कधी आकाशाच्या मधोमध डागांची ओळ उमटे. पुढे संग्राहक त्या डागांनाच गर्टिनच्या हाताची खूण मानू लागले, असे त्या काळच्या एका लेखात नमूद आहे. असा शोषक कागद रंग झटकन आत ओढतो, त्यामुळे चकाकी येत नाही आणि थर मखमली दिसतो. पण चूक पुसण्याची सोयही फार उरत नाही. इंग्लंडच्या दमट हवेत थर सावकाश वाळतो, एवढी एक सवलत मात्र तेथील चित्रकारांना होती. आपल्याकडे देशावर मे महिन्यात आकाशाचा थर कागदाच्या निम्म्यावर येईपर्यंत वरचा भाग वाळून कडा पडतात. मी उन्हाळ्यात असे काम पहाटे करतो आणि कागदाखाली ओले फडके ठेवतो.

रंगांबाबत एक दुःखाची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. त्या काळी करडे ढग आणि लांबचे डोंगर यांसाठी नीळ वापरत. तीच नीळ, जिचा मोठा व्यापार बंगालमधून चाले. नीळ आणि तांबूस मातीचा रंग मिसळला की अतिशय सुंदर, हवेशीर करडी छटा मिळते. पण नीळ उजेडात उडते आणि मातीचा रंग टिकतो. परिणामी त्या पिढीच्या अनेक जलरंगांतील करडे आकाश आज गुलाबी किंवा विटकरी झाले आहे, आणि पाहणाऱ्याला वाटते की चित्रकाराने सूर्यास्त रंगवला होता. गर्टिनच्याही अनेक चित्रांना हे भोगावे लागले. १८८८ साली रसेल आणि ॲबनी या दोघांनी इंग्लंडच्या शासनासाठी जलरंगांवर उजेडाचा परिणाम तपासून अहवाल दिला, तेव्हा कुठे ही बाब वादापलीकडे सिद्ध झाली. हवा आणि ओलावा काढून टाकलेल्या नळीत बहुतेक रंग उजेडातही टिकले, हेही त्यांनी दाखवले. म्हणून कोणत्याही जुन्या इंग्रजी जलरंगातील उबदार आकाश पाहून लगेच संध्याकाळ ठरवू नये, आणि छापील प्रतीतील रंगांवर तर मुळीच विसंबू नये. उजेडाच्या पायऱ्या मात्र प्रतीतही बऱ्याच अंशी टिकतात, म्हणून वर सांगितलेला बोटाचा प्रयोग प्रतीवरही चालतो.

टर्नरच्या तोंडी एक प्रसिद्ध वाक्य आहे की टॉम गर्टिन जगला असता तर मी उपाशी मेलो असतो. याच चित्राबद्दलही एक आख्यायिका टर्नरच्या चरित्रकाराने नोंदवली आहे: एक चित्रविक्रेता टर्नरकडे येऊन म्हणाला की बाहेर माझ्या गाडीत तुमच्या कोणत्याही चित्रापेक्षा सरस असे एक चित्र आहे, तेव्हा टर्नरने क्षणभर विचार करून उत्तर दिले की मग ते गर्टिनचे ‘व्हाइट हाउस’च असणार. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. गर्टिन ९ नोव्हेंबर १८०२ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्याच वर्षी त्याने लंडनचे भव्य वर्तुळाकार दृश्यचित्र लोकांसमोर मांडले होते. म्हणजे शहराकडे पाठ फिरवून हे छोटे चित्र करणारा आणि साऱ्या शहराला एका गोलात बसवणारा माणूस एकच. जलरंगकारांची पहिली स्वतंत्र संस्था लंडनमध्ये १८०४ साली स्थापन झाली. जलरंगाला चित्राचा दर्जा मिळवून देण्यात ज्याचा मोठा वाटा होता, तो ते पाहायला उरला नव्हता.

आपण स्वतः रंगवता असेही पत्रात लिहिले आहे, म्हणून हाताने करून पाहण्याजोगे थोडे सांगतो. या चित्राची नक्कल करा, पण मास्किंग फ्लुइड, म्हणजे पांढरी जागा झाकायला लावतात तो रबरासारखा द्रव, वापरू नका. त्याने राखलेल्या पांढऱ्याची कडा कात्रीने कापल्यासारखी येते आणि घर कागदावर चिकटवल्यासारखे दिसते. पेन्सिलीने क्षितिज आणि घर एवढेच हलके आखा. फळी थोडी तिरपी करा. आकाशासाठी लागेल त्याच्या दुप्पट रंग वाटीत कालवून ठेवा, कारण मध्येच रंग संपला तर तीच छटा पुन्हा जुळत नाही. मोठ्या ब्रशने वरून खाली येताना घरापाशी ब्रशचे टोक वापरून वळसा घ्या आणि न थांबता तोच ओला थर पाण्यातून खालपर्यंत न्या. प्रतिबिंबाच्या दोन्ही कडा किंचित विरघळू द्या. मग उठा आणि दुसरे काही तरी करा. पूर्ण वाळल्याखेरीज जमिनीच्या पट्टीला हात लावू नका. ती पट्टी मात्र एका दमात, पुरेशी गडद द्या. या ठिकाणी बहुतेकांचा धीर सुटतो आणि पट्टी फिकी राहते. घराभोवतीची झाडी जितकी निर्भयपणे गडद होईल तितके घर उजळेल. पवनचक्की आणि होड्या शेवटी. पहिल्या चार नकला बिघडतील. पाचवीत घर पेटते.

आपल्याकडच्या नदीचित्रांत हेच मर्म शोधायचे असेल तर कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांची संध्यामठाची आणि तेथील पाण्याकाठची चित्रे पाहावीत. त्यांच्या छटा वेगळ्या, ऊन वेगळे, पण कागदाचा उजेड कोठे राखायचा याची जाण तितकीच पक्की आहे.

मूळ चित्राबद्दल. ते १९३३ साली ॲडा माँटेफिओरी यांच्या मृत्युपत्रान्वये राष्ट्रीय संग्रहात आले आणि आता लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात आहे. मात्र दालनात ते टांगलेले दिसेलच असे नाही. जलरंग उजेडाला नाजूक असल्याने संग्रहालये ते सुमारे ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतक्या मंद प्रकाशात आणि मर्यादित काळच मांडतात, एरवी अंधाऱ्या पेटीत ठेवतात. टेट ब्रिटनमध्ये छापचित्रे आणि रेखाचित्रे पाहण्यासाठी स्वतंत्र कक्ष आहे आणि तेथे आगाऊ वेळ घेऊन जाता येते. निघण्याआधी पत्र लिहून हे चित्र पाहायला मिळेल का ते विचारून ठेवा. शक्य झाले तर टेबलावर चित्र समोर आल्यावर पहिली काही मिनिटे घराकडे पाहू नका. पाण्याच्या खालच्या, अगदी आपल्याकडच्या कडेपासून सुरुवात करून नजर सावकाश वर न्या. भिंतीपाशी पोहोचलात की थोडे बाजूला सरकून तिरक्या उजेडात पाहा. रंगाचा थर संपून जेथे नुसता कागद सुरू होतो, तेथे त्याचा जाडाभरडा पोत दिसेल. त्या एवढ्याशा जागेत गर्टिनचा ब्रश कधीच टेकलेला नाही.